रिबाउंडला रकाना नाही

मंगळवार, रात्री साडेदहा

कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधल्या अकरा नंबरनं आज पिशवी उचलता उचलता विचारलं, "मॅडम, यंदा माझे रिबाउंड किती झाले ओ?" रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू ताब्यात घेणं. बघून सांगते म्हटलं. काय बघणार, कपाळ?

तरी फाईल घरी आणली. स्कोअरशीटची गुलाबी प्रत जिंकणाऱ्याला, पिवळी हरणाऱ्याला. यंदा उघडेल तिथं गुलाबी; 'कॉलेजच्या इतिहासातला सर्वोत्तम मोसम' म्हणून सत्कारही झाला. पिवळी एकच, आंतरविभागीयची. चार प्रतींत ती सगळ्यात खालची, म्हणून सगळ्यात पुसट. टेबलवर शीट लिहिणारा जेल पेन घेऊन बसला की चौथ्या कागदापर्यंत दाबच पोचत नाही. बॉलपेन हवा, तोही रेटून.

पण पुसट काय नि ठळक काय, रिबाउंड कुठंच नाहीत. बास्केट झाली की शीटवर छापलेल्या चालत्या गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, शेजारी खेळाडूचा नंबर. तीनची असेल तर त्या नंबराला गोल. पहिलं-तिसरं क्वार्टर लाल, दुसरं-चौथं निळं. पेन बदलायचं राहिलं तर कुठली बास्केट कुठल्या क्वार्टरची, हे नंतर ब्रह्मदेवाला कळत नाही. फाऊलला घर आहे, टाइमआउटला आहे. शॉट सुटल्या क्षणी चेंडूकडं न बघता आधी समोरच्या टीमची आपल्या वाट्याची बाई शोधायची, तिला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून बूड मागं रेटायचं (हाच बॉक्स आउट) आणि मग उडी, या सगळ्याला घर नाही. बहुतेक पोरी नेमकं उलटं करतात. चेंडू बघत उभ्या राहतात आणि मागची वरून घेऊन जाते. अकरा नंबर तसं करत नाही. सत्कारात नारळ मात्र गुण करणाऱ्यांना. दुसरा शॉट त्यांना मिळाला कुठून? जाऊ दे. टेबलवर बसणाऱ्याला तरी कोण विचारतंय.

अमेरिकेतली ती कॉलेज बास्केटबॉलवाली लिनेट वुडर्ड डोक्यातून जात नाही. १९७७ ते १९८१, कॅन्सस विद्यापीठ, ३,६४९ गुण. तीन गुणांची रेषा नव्हती, चेंडूही पुरुषांचाच, सात नंबर; आपल्या पोरींचा सहा नंबर घेरात इंचभर लहान. तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू या वेगळ्या संघटनेकडं होत्या. कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए, तिनं मुलींचं अजिंक्यपद १९८२ ला सुरू केलं आणि विक्रमांची वहीही तिथूनच धरली. १५ फेब्रुवारी २०२४ ला आयोवाच्या केटलिन क्लार्कनं त्या वहीतले सगळ्यात जास्त, केल्सी प्लमचे ३,५२७ मागं टाकले, विक्रम झाला, जल्लोष झाला. वुडर्ड त्या रात्रीही पुढंच होती, फक्त वहीबाहेर. क्लार्कनं तिला गाठलं त्याच महिन्याच्या शेवटी. पुढं ३,९५१ वर थांबली, आणि त्या मोसमाचा अंतिम सामना तरी आयोवाविरुद्ध दक्षिण कॅरोलायनानंच ८७-७५ नेला. असो.

वुडर्डचे निदान कुणीतरी लिहून ठेवले होते. आमच्या जुन्या फायली रद्दीवाल्यानं तोलून नेल्या. 'कॉलेजच्या इतिहासातला सर्वोत्तम मोसम' कशाच्या जिवावर म्हणतात, ते म्हणणाऱ्यांनाच ठाऊक. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये कुणी कुठल्या साली हेडर मारला, हे कुठल्याही चहाच्या गाड्यावर तोंडपाठ मिळतं. तिथं शीटच लागत नाही. बास्केटबॉलला ती सोय नाही.

पिवळा कागद ट्यूबखाली तिरका धरला तेव्हा कुठं अकरा नंबरची ओळ वाचता आली. चार वेळा पी, आणि चालत्या गुणांत तिच्या नंबराशेजारी एक तिरकी रेघ. चार फाऊल, दोन गुण. चौथा पी तर बॉक्स आउटचाच, कोपर जरा जास्त उघडलं होतं. तेवढी एक नोंद आहे म्हणायची तिच्या रिबाउंडची.

दोनशे पानी वही काढलीय. पानाला दोन रकाने, आपल्या बास्केटखालचे आणि समोरच्या. राखीव पोरीच्या हातात पेन्सिल, एक ताबा एक रेघ, पाचवी आडवी. कुणी नुसता टॅप करून बाहेर घालवला तर रेघ नाही, त्यावरून भांडणं होणारच.

अकरा नंबरला मेसेज टाकला, पुढच्या वर्षीपासून मोजू. उत्तर आलं, "मॅडम, मी टीवायला आहे."