आकाशगंगेच्या मध्यापर्यंत, टाकीत २ टन

‘एलिट डेंजरस’ या अंतराळयान उडवायच्या व्हिडिओ गेममध्ये सूर्यापासून निघून आकाशगंगेच्या मध्यावरच्या सॅजिटेरियस ए स्टार या कृष्णविवराला पोचायला मला जेवणानंतरच्या अकरा रात्री लागल्या. अंतर सुमारे २५,९०० प्रकाशवर्षं. माझं डायमंडबॅक एक्सप्लोरर यान एका उडीत जेमतेम ५० प्रकाशवर्षं जातं, म्हणजे सरळ गेलो असतो तर ५०० हून जास्त उड्या. म्हणून न्यूट्रॉन ताऱ्यांचा रस्ता धरला. त्यांच्या झोतातून ड्राइव्ह, म्हणजे उडी मारणारं इंजिन, चार्ज झाला की पुढची उडी चौपट पडते. मार्ग स्पॅन्श या वेबसाइटवर आखला.

झोतात शिरायचं ते टोकाकडून, ताऱ्यापासून लांब, आणि यानाचं नाक बाहेरच्या बाजूला ठेवून. यान गदागदा हलतं, नाक भलतीकडे फिरतं. पहिल्या वेळी मी घाबरून सारखी जॉयस्टिक ओढत बसलो आणि सुपरक्रूझमधून (ताऱ्याच्या आसपास फिरायचा वेगवान प्रवास) बाहेर फेकला गेलो. दर वेळी ड्राइव्ह थोडा झिजतो, तेव्हा दुरुस्तीचं एएफएमयू युनिट हवंच. जमलं तर दोन घ्या. एकच असेल तर ते स्वतःला दुरुस्त करू शकत नाही.

माझा खरा घोळ मात्र इंधनाचा झाला. उडी चौपट झाली तरी इंधन तेवढंच लागतं: टाकी ३२ टनांची, लांब उडीला साधारण ५ टन. आणि इंधन काही ठराविक ताऱ्यांजवळून भरता येतं, न्यूट्रॉन ताऱ्यावर नाही! मी आपला तंद्रीत एकामागून एक उड्या मारत राहिलो, सहावी संपली तेव्हा टाकीत २ टन. नकाशात ताऱ्यांच्या प्रकाराचा फिल्टर लावला तर २७ प्रकाशवर्षांवर एक तांबडा एम तारा निघाला. जेमतेम पोचलो. तेव्हा दर चौथ्या उडीला इंधन देणारा, म्हणजे के, जी, बी, एफ, ओ, ए किंवा एम प्रकारचा तारा आधीच हेरून ठेवा. तपकिरी बटू चालत नाहीत. अगदीच अडकलात तर लगेच मेन मेन्यूवर या, इंधन संपल्यावर सुरू होणारं ऑक्सिजनचं घड्याळ थांबतं, आणि फ्युएल रॅट्सना हाक मारा. इंधन आणून देणारे हे खेळाडूच आहेत, पैसे घेत नाहीत.

कृष्णविवराजवळ मागचे तारे ताणून वाकडे दिसतात, बाकी काळोखच. अर्धा तास बघत बसलो. मग जवळच्या एक्सप्लोरर्स अँकरेज स्थानकावर उतरून वाटेत तारे-ग्रह स्कॅन करून मिळालेला सगळा डेटा विकून टाकला. तुम्हीही आधी तेच करा, यान फुटलं तर न विकलेला डेटा जातो. फोटो नंतर.