शेरूच्या पुळ्या आणि सासूबाईंची जखम

आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या पोटावर तिसऱ्यांदा पुळ्या उठल्या. आधीच्या दवाखान्यात दोनदा अँटिबायोटिक देऊन झालं होतं. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, संपल्या की पुन्हा तेच. पुळी फुटली की कडेने पापुद्रा सुटलेला गोल चट्टा उरायचा, तिथले केस गळायचे. मला खरी धास्ती वेगळीच होती. सासूबाईंना मधुमेह, टाचेला न भरणारी जखम, आणि शेरू दिवसभर त्यांच्याच पायाशी.

त्वचारोग बघणाऱ्या पशुवैद्य बाईंकडे गेलो. औषध लिहिण्याआधी त्यांनी सुईने एक पुळी फोडली, काचपट्टी तिच्यावर दाबली, रंग चढवला आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं: जांभळ्या ठिपक्यांचे द्राक्षांसारखे घोस. दुसऱ्या पुळीतला पू कल्चरला गेला, म्हणजे त्यातला जिवाणू वाढवून तो कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायला. रिपोर्ट आला, स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस नावाचा जिवाणू, मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा. आम्ही दिलेल्या सेफॅलेक्सिनपुढेही ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध निकामी. ही तपासणी पहिल्याच खेपेला व्हायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

हा जिवाणू कुत्र्याच्या कातडीवर, तोंडात एरवीही असतो. माणसाला तो क्वचितच बाधतो, पण उघडी जखम असेल तर जपावं लागतं. उलट माणसांचा स्टॅफिलोकोकस म्हणजे ऑरियस ही जात. साधारण दहातल्या तिघांच्या नाकात तो असतो आणि आपल्याकडून कुत्र्यांकडे जातो. म्हणूनच बाईंनी विचारलं होतं, “घरात कुणी हॉस्पिटलात कामाला आहे का?”

नणंदेचा फोन आला, “वहिनी, आधी त्या कुत्र्याला कुठेतरी सोडून या.” मी साफ नाही म्हटलं.

गोळ्या नकोत, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शॅम्पूने आंघोळ घाला, असं ठरलं. फेस दहा मिनिटं अंगावर राहिलाच पाहिजे, सगळं त्यावर अवलंबून. म्हणून सुरुवात पोट आणि जांघांपासून करायची, म्हणजे पाठ होईतो तिथे औषध मुरतं. शेरू अंग झटकायला लागला की मानेवर हात ठेवून त्याच्याशी बोलत राहायचं. अंथरूण गरम पाण्यात धुवून उन्हात.

सासूबाईंच्या सर्जनना शेरूचा रिपोर्ट दाखवला. त्यांनी जखमेतला पू कल्चरला पाठवताना चिठ्ठीवर कुत्र्याचा उल्लेख केला, कारण कोॲग्युलेज चाचणीत (जिवाणू रक्तद्रव गोठवतो का, ही तपासणी) दोन्ही जिवाणू सारखेच दिसतात आणि लॅब कुत्र्याच्या जिवाणूलाही ऑरियस म्हणू शकते. सासूबाईंचा निघाला खरोखरचा ऑरियस, तोही साध्या औषधांना दाद देणारा. शेरूचा त्यात काहीच संबंध नव्हता!

जखम भरेपर्यंत ड्रेसिंग पक्कं झाकलेलं, चाटणं बंद, शेरूला हात लावला की साबणाने हात धुणं. “अगं, त्याला खोलीबाहेर नको ठेवूस, रात्रभर रडतो,” सासूबाई म्हणायच्या. जखम भरल्यावर तो पुन्हा आत आला.

चट्ट्यांच्या जागी आता केस आलेत. पण पुळ्यांच्या मुळाशी ॲलर्जीची खाज आहे, तिचे उपचार चालू आहेत, आणि आंघोळ दर रविवारी.