गुरुवारी दूर्वा, शनिवारी रेल्वे: लोपबुरीतली माझी दोन वर्षं

थायलंडमधल्या लोपबुरीची शाळा, जूनमधला गुरुवार. सकाळी आठला झेंडावंदन झालं आणि वर्गात जायच्या ऐवजी आम्हा शिक्षकांना सभागृहात खुर्च्यांवर बसवलं. मुलं गुडघ्यांवर सरकत पुढे येऊ लागली. माझ्यापुढे आलेल्या मुलीच्या हातात केळीच्या पानाचा द्रोण होता. त्यात लाल फुलांचा तुरा, वांग्याची फुलं आणि एक हिरवीगार जुडी. जुडी हातात घेऊन पाहिली, तर दूर्वा! आपण वाईच्या ढोल्या गणपतीला वाहतो त्याच.

शेजारच्या थाई शिक्षिकेनं समजावून सांगितलं. दूर्वा भराभर पसरतात, तशी विद्या पसरावी. वांग्याचं फूल फळ धरताना खाली वाकतं, तसं विद्यार्थ्यानं नम्र असावं. सोहळ्याचं नाव 'वाय ख्रू'. वाय म्हणजे नमस्कार, ख्रू म्हणजे गुरू. दिवसही ठरलेला, बृहस्पतीचा; थाई भाषेत गुरुवारचं नावच बृहस्पतीवरून आहे. माझं माहेर वाईचं, सासर साताऱ्याचं. त्या सकाळनंतर लोपबुरी मला परकं वाटलं नाही.

लोपबुरी बँकॉकच्या उत्तरेला, साधारण दीडशे किलोमीटरवर. 2022 च्या मेपासून दोन शालेय वर्षं मी तिथे इंग्रजी शिकवलं. आता सातारा, कोरेगाव, कराडकडची बी.एड. झालेली मुलं-मुली विचारायला येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी कागदपत्रं, कारण माणूस अडतो तो इथेच. पदवी हवीच, तीही साक्षांकित केलेली. पोलिसांचा दाखला लागतो. आपली मातृभाषा इंग्रजी नसल्यामुळे बहुतेक शाळा टोइक परीक्षेचे किमान 600 गुण मागतात. व्हिसा 'नॉन-इमिग्रंट बी' प्रकारचाच घ्या. 'पर्यटक म्हणून या, पुढचं आम्ही बघू' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. मला नोकरी लावून देणाऱ्या दलालानं पहिल्या महिन्याचा पगार अडकवून ठेवला होता. तो शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि परक्या मुलुखात भांडायचं तरी कुणाशी? म्हणून करार थेट शाळेशी करा. पगाराची तारीख आणि सुट्ट्यांतला पगार लेखी घ्या. तिथे गेल्यावर वर्क परमिट हातात पडेपर्यंत शाळेच्या मागे लागा. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. आणि सुट्टीत घरी येताना 'री-एंट्री परमिट', म्हणजे परत येण्याची परवानगी, काढल्याशिवाय विमानात बसू नका. माझी एक सहकारी विसरली आणि तिचा व्हिसाच रद्द झाला. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वर्गात पंचेचाळीस मुलं. थाईमध्ये शब्दाच्या शेवटचा 'ल' उच्चारताना 'न' होतो, त्यामुळे फुटबॉलचा 'फुटबॉन'. मुलं लाजरी, चुकू या भीतीनं तोंड उघडत नाहीत. त्यांना हसून बोलतं केलंत की काम झालं. आवाज चढवणारा शिक्षक तिथे मान गमावतो.

शनिवार मात्र माझा. लोपबुरीत स्टेशनजवळच तीन शिखरांचं जुनं ख्मेर मंदिर आहे आणि तेव्हा तिथे माकडांचं राज्य होतं. 2024 मध्ये प्रशासनानं ती पकडायला घेतली. तरी हातात पिशवी नकोच.

सगळ्यात जास्त वेळा गेले ती अयुथयाला, थायलंडच्या जुन्या राजधानीत. तिसऱ्या वर्गाचा डबा, उघड्या खिडक्या, दोन्ही बाजूंना भातखाचरं. तासाभराच्या आसपास लागतो. नाव अयोध्येवरून. 1767 मध्ये बर्मी सैन्यानं ही राजधानी जाळली, आणि ते अजून दिसतं: ओळीनं बसलेल्या बुद्धमूर्ती, धड आहे, शिर नाही. वाट महाथाटमध्ये (थाईत 'वाट' म्हणजे मंदिर) झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. डोळे अर्धे मिटलेले, गालाला मुळं चिकटलेली. फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, आपलं डोकं त्या मस्तकापेक्षा वर जाता कामा नये. मी बसले आणि फोटो काढायचा राहूनच गेला.

स्टेशनातून सरळ नदीवर चालत जा, काही बाट (तिथलं चलन) देऊन होडीनं पलीकडे उतरा आणि भाड्यानं सायकल घ्या. दहाच्या आत फिरून घ्या, नंतर ऊन सोसत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. संध्याकाळी वाट चायवत्थनाराम हे मंदिर बघा, पण परतीच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारीत लोपबुरीजवळ सूर्यफुलांची शेतं फुलतात. कासची सर नाही, पण बघावीत.

शाकाहारी असाल तर 'किन जे' एवढे दोन शब्द पाठ करा आणि लाल अक्षरांची पिवळी पताका दिसेल तिथे जेवा. एरवी भाजीतही माशाचा रस असतो.

शाळा मेच्या मध्यात सुरू होते, तेव्हा कागद जानेवारीतच काढायला घ्या. आणि कंदी पेढे न्या. भाजलेल्या खव्याचे, म्हणून टिकतात. मी दोन किलो नेले होते. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला आणि मधल्या सुट्टीपर्यंत तळाचा कागद दिसायला लागला.