तुम्ही विचारलंत म्हणून: सीएनसीवर केलेला पेन हाताने केलेला म्हणायचा का?

पेन बनवणाऱ्यांची स्पर्धा म्हटलं की पुण्यात हा प्रश्न हमखास येतो. आटे सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमने चालणाऱ्या यंत्रावर पाडलेत, रेझिनचा ब्लँक, म्हणजे पेन ज्यातून कातायचा तो ठोकळा, दुसऱ्याने ओतलाय, निब जर्मनीची आहे, मग यात हाताचं काय राहिलं? आणि नियमात हे बसवायचं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. नियम यंत्राच्या नावाने लिहू नयेत. कोणता भाग कोणी केला आणि तो तसा का केला, एवढंच नियमांनी विचारावं. लेथ, म्हणजे कातण्याचं यंत्र, हेही यंत्रच आहे. पूर्वीचे कातारी दोरीने लेथ फिरवत, पुढे मोटार आली, तेव्हा कोणी कातकामाला हस्तकला म्हणायचं थांबवलं नाही. आज 'सीएनसी चालणार नाही' असं लिहिलं, तर उद्या डिजिटल रीडआउट, म्हणजे मापं आकड्यांत दाखवणारा पडदा, लावलेल्या साध्या लेथचं काय करायचं, यावर भांडण होणार. भोसरीच्या कारखान्यात कामाला जाणारा टर्नर (लेथ चालवणारा) घरी येऊन स्वतःच्या ड्रॉइंगवरून स्वतः प्रोग्रॅम लिहीत असेल, तर तो कारागीर नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मात्र ड्रॉइंग एकाचं, प्रोग्रॅम दुसऱ्याचा आणि तयार भाग तिसऱ्याच्या वर्कशॉपमधून आलेला असेल, तर त्या भागाचे गुण स्पर्धकाला मिळू नयेत. पेन बाद करायची गरज नाही.

बहुतेक ठिकाणचे नियम किटच्या, म्हणजे धातूचे तयार भाग विकत आणून जोडायच्या, पेनांचा काळ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. त्या पेनात लाकडाला ७ मिमीचं भोक पाडायचं, पितळी नळी इपॉक्सीने बसवायची, दोन्ही तोंडं नळीशी काटकोनात घासायची, बुशिंगच्या (माप दाखवणाऱ्या धातूच्या कड्याच्या) मापापर्यंत कातायचं, पॉलिश करून धातूचे भाग दाबून बसवायचे. इथल्या चुका ठरलेल्या असतात. तोंड काटकोनात नसेल तर रिंगपाशी केसाएवढी फट दिसते. जास्त कातलं गेलं तर रिंगची कड नखाला अडते. म्हणून परीक्षकाने हातमोजे घालून पेन तपासू नये, नखच फिरवावं. सुपर ग्लूचं पॉलिश असेल तर टोकांना पांढरट ढग शोधावा: ओलसर हवेत हा गोंद झपाट्याने आवळतो आणि पांढरा पडतो. एप्रिलमध्ये नीट जमलेलं पॉलिश जुलैत फसतं ते यामुळेच. त्यातून लाकूडही पावसाळ्यात फुगतं. स्पर्धा पावसाळ्यात असेल तर सगळे पेन दोन दिवस आधी एकाच खोलीत जमा करून घ्यावेत, म्हणजे सगळ्यांना हवा सारखीच मिळेल.

किटशिवायच्या पेनांनी या नियमांची घडी मोडली. उदाहरण टोपणाचं घ्या. जुना नियम म्हणतो, 'टोपण लावल्यावर नक्षी जुळली पाहिजे.' दाबून बसणाऱ्या टोपणाला हे ठीक आहे. पण हल्ली अनेक जण १३ मिमी व्यासाचे, ०.८ पिचचे (दोन शेजारच्या आट्यांत ०.८ मिमी अंतर असलेले) ट्रिपल स्टार्ट, म्हणजे तीन सुरुवातींचे, आटे पाडतात. एका फेऱ्यात टोपण २.४ मिमी सरकतं, त्यामुळे सव्वा-दीड फेऱ्यात उघडतं, हा फायदा. पण आट्यांना तीन सुरुवाती असतात, एकमेकींपासून १२० अंशांवर. टोपण तिन्ही ठिकाणी बसतं आणि नक्षी त्यांपैकी एकाच ठिकाणी जुळते. परीक्षकाने एकदाच टोपण लावून 'जुळत नाही' असा शेरा मारला, तर तो अन्याय झाला. नियम असा हवा: तिन्ही सुरुवातींना लावून बघा, एका ठिकाणी जुळली तरी पूर्ण गुण द्या. आणि टोपण शेवटी घट्ट बसतं की गुळगुळीत घसरत राहतं, हे वेगळं तपासा.

लिहिण्याची चाचणी मात्र सगळ्यांना सक्तीची असावी. शोकेसमध्ये सुंदर दिसणारा आणि कागदावर अडणारा पेन पहिला येऊ नये, याबाबत मी कडक आहे. निब बाजारची चालेल. जर्मनीची जोवो, बॉक किंवा कानपूरची कानराइट, काहीही असो; निब घरी बनवणारे अगदी मोजके. पण स्पर्धकाने ती स्वतः घासून स्टब किंवा इटॅलिक (रुंद, सपाट टोकाची) केली असेल, तर त्याचे वेगळे गुण हवेत. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनांची चाचणी भरलेल्या पेनावर घेऊ नका. शाई एक तृतीयांश उरलेली असताना घ्या. आत हवा जास्त असते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई निबमधून थेंबाने बाहेर ढकलते. पाच मिनिटं मुठीत धरून मग पेन उभा धरून कागदावर लिहून बघा. आट्यांना सिलिकॉन ग्रीस नीट लावलेलं नसेल, तर तेही एव्हाना बोटांना कळतं. पेन इबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, असेल तर प्रदर्शनाचं टेबल खिडकीपासून लांब ठेवा, उन्हाने त्याचा काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो.

आता ब्लँकचा प्रश्न, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. रेझिन स्वतः ओतणं सोपं नाही. प्रेशर पॉटमध्ये (हवेच्या दाबाच्या बंद भांड्यात) ४० ते ६० पीएसआय दाब घट्ट होईपर्यंत टिकवावा लागतो, नाहीतर बुडबुडे राहतात आणि कातताना ते उघडे पडून खड्डे होतात. सच्छिद्र लाकडात रेझिन मुरवायचं असेल तर आधी ते ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावं लागतं. आत पाणी उरलं तर रेझिनला जागाच मिळत नाही, वरून चकचकीत आणि आतून कोरडा ब्लँक तयार होतो. एवढं करणाऱ्याला आणि तयार ब्लँक विकत आणणाऱ्याला 'साहित्य' या एकाच रकान्यात बसवणं चूक आहे. लेझरने कापलेल्या तुकड्यांच्या जडावाच्या किटचंही तसंच आहे. तुकडे जोडायला हात स्थिर लागतो, ते कौशल्य खरं आहे. आराखडा मात्र विकतचा. जोडणीचे गुण द्या, आराखड्याचे देऊ नका.

यासाठी एक साधा तक्ता पुरतो. निब, फीड (निबेखालचा, तिला शाई पोचवणारा भाग), सेक्शन (बोटांनी धरायचा भाग), बॅरल (पेनाची नळी), टोपण, क्लिप, ब्लँक, पॉलिश अशा ओळी, आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने: स्वतः केला, विकत आणला, करून घेतला. राजमहेंद्रीचे पेन बनवणारे रत्नम् यांच्या स्वदेशी पेनाची स्तुती गांधीजींनी १९३५ मध्ये पत्राने केली, तेव्हाही पेनाचा कोणता भाग कुठला, हा प्रश्न महत्त्वाचाच होता. तक्त्यात खोटं लिहिलं जाईल ही भीती रास्त आहे. त्यावर पाच मिनिटांची तोंडी विचारपूस हा उपाय आहे. १० मिमी व्यास, १ पिचच्या आतल्या आट्यांसाठी आधी कितीचा ड्रिल वापरला? ज्याने टॅप, म्हणजे आतले आटे पाडायचं हत्यार, स्वतः फिरवलाय तो क्षणात ९ म्हणतो. इबोनाइटमध्ये टॅप अधूनमधून उलटा का फिरवायचा? कीस अडकला की आटे सोलवटून निघतात, हे ज्याचे एकदा तरी निघालेत तो विसरत नाही.

लाकडाबद्दल थोडक्यात. शिसव ज्या डालबर्जिया वंशातली, तो २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. पेन परदेशी स्पर्धेला पाठवायचा असेल तर लाकडाची पावती सांभाळा. हस्तिदंत नवा-जुना कसलाही असो, स्वीकारायचाच नाही.

राहिला प्रश्न नियम कधी बदलायचे. अर्ज सुरू झाल्यावर एक शब्दही बदलू नये. नवं तंत्र आलं, समजा थ्रीडी प्रिंट केलेलं बॅरल, तर पहिलं वर्ष ते 'प्रायोगिक' गटात घ्यावं. त्या गटाला बक्षीस असावं, पण मुख्य क्रमांक नसावा. त्या वर्षात परीक्षकांना कळतं की या तंत्रात काय बिघडतं: थरांच्या फटींतून शाई झिरपते का, आटे किती उघड-बंदमध्ये झिजतात, कडा हाताला लागतात का. मग पुढच्या वर्षीच्या गुणपत्रिकेत नेमक्या त्याच ओळी वाढवायच्या. आणि निकालाच्या दिवशी प्रत्येक पेनाशेजारी त्याचा भरलेला तक्ता आणि गुणपत्रिका मांडून ठेवायची, हरलेल्या पेनांचीसुद्धा.