हाताने फिरवलेला स्पिंडल

काम होतं पंपाच्या गनमेटलच्या बॉडीचं. आतले आटे पार झिजलेले. ते बोअर करून काढायचे आणि तिथे एम 30 (30 मिलिमीटर व्यासाचे), पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर 2 मिलिमीटर, असे नवे आटे पाडायचे. भोक आरपार नाही. तळाशी 3 मिलिमीटरची खाच आणि तिच्यामागे लगेच सीटची भिंत. त्या भिंतीला टूल लागलं की बॉडी भंगारात, आणि दुसरी मिळणार नव्हती.

आमच्या लेथचा, म्हणजे काम फिरवून टूलने कापायच्या यंत्राचा, सर्वांत कमी वेग मिनिटाला 60 फेरे. म्हणजे 2 च्या पिचला टूल सेकंदाला 2 मिलिमीटर आत जाणार. टूलची रुंदी वजा केली की खाचेत जेमतेम एक मिलिमीटर उरतो, म्हणजे अर्धा सेकंद. तेवढ्यात मशीन थांबवायचं, तेही आतलं काही दिसत नसताना! स्पिंडल, म्हणजे काम फिरवणारा लेथचा मुख्य पोकळ दांडा, उलटा फिरवून आतून बाहेर आटे पाडता येतात. पण आमचा चक (काम जबड्यांत धरणारा भाग) स्पिंडलच्या आट्यांवर बसतो, उलट्या फेऱ्यात कटचा जोर आला तर सुटू शकतो.

शेजारच्या लेथवरचे काका म्हणाले, "चक हाताने फिरव की. सगळे तेच करतात."

"धक्के बसतात, काका. धक्क्याची खूण आट्यावर उमटते."

मला सलग फिरवता येईल असं हँडल हवं होतं. बॉडी बाकावरच ठेवली आणि आधी हँडल करायला घेतलं.

स्पिंडलचा मागचा बोअर 20 मिलिमीटरचा. त्यात हलकेच सरकेल असा माइल्ड स्टीलचा दांडा टर्न केला, मधून एम 8 च्या बोल्टसाठी आरपार भोक पाडलं. दांड्याच्या आतल्या टोकाला टेपर, म्हणजे निमुळता उतार, आणि बोल्टने त्यात ओढला जाऊन टोक फुलवणारा शंकू, अशी पकड. हे दोन टेपर तंतोतंत जुळले तरच ती पकड खरी. म्हणून कंपाउंड, म्हणजे कोनात फिरवता येणारी टूलची सरक, 10 अंशांवर बसवून शंकू टर्न केला आणि कंपाउंड तसाच ठेवून, बोअरिंग टूल उलटं धरून, भोकाच्या मागच्या भिंतीवर आतला टेपर घेतला. कोन याहून फार कमी ठेवला तर शंकू जखडून बसतो, बोल्ट सैल केला तरी सुटत नाही. मग करवतीने टोकाचे चार भाग केले, खाचांच्या कडा कानशीने साफ केल्या. शंकू बोल्टबरोबर गरगर फिरू नये म्हणून त्यात एक पिन ठोकली, ती एका खाचेत अडकते. बाहेरच्या टोकाला पट्टीचा हात आणि मूठ. मूठ लावताच हात आपोआप खाली येऊन स्पिंडल फिरवू लागला, म्हणून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन बसवलं.

बॉडी चार जबड्यांच्या चकमध्ये धरली, डायल लावून मध्याला आणली. हेडस्टॉक (स्पिंडल आणि गिअरचा डबा) न्यूट्रलमध्ये, प्लग काढून बाजूला. पहिले कट एक दशांश मिलिमीटरचे, पुढे त्याच्या निम्मे. मोटर चालू असताना जे कधी कळत नाही ते मुठीतून तळहाताला कळत होतं: टूल धातूत शिरतं तो क्षण, मध्येच ओतकामातल्या बारीक पोकळीवरून जाताना सुटलेला जोर, आणि खाचेत पोचताच एकदम हलकं झालेलं हँडल. तिथे थांबायचं, टूल मध्याकडे घ्यायचं, हँडल उलटं फिरवून परत बाहेर. टूलची सरक आटे पाडणाऱ्या स्क्रूला जोडणारा हाफ नट एकदा लावला तो शेवटपर्यंत सोडला नाही, त्यामुळे प्रत्येक कट आधीच्याच आट्यात. बॅकलॅश, म्हणजे गिअर-स्क्रूमधली ढिलाई, निघावा म्हणून दर वेळी टूल तोंडापासून बरंच बाहेर नेत होतो. इतक्या निवांतपणे मी आतले आटे कधीच पाडले नव्हते.

जोडीचा नट बोटांनी शेवटपर्यंत गेला, कुठे अडला नाही, डगमगलाही नाही. काकांनी तो स्वतः दोनदा काढून घालून पाहिला.

मात्र हँडल लगेच सगळ्यांच्या हाती दिलं नाही. ते स्पिंडलमध्ये असताना कुणी मोटर चालू केली तर पट्टी फेकली जाऊन माणूस मरू शकतो, आणि "लक्षात ठेवा" म्हणणं हा त्यावरचा उपाय नाही. मुख्य स्विचला, बंद केल्याशिवाय किल्ली निघतच नाही असं कुलूप लावलं आणि त्याची एकुलती एक किल्ली हँडलच्या मुठीलाच कायमची पक्की केली. हँडल काढून स्विचपाशी आणल्याशिवाय आता लेथ सुरूच होत नाही.