शिश्किनच्या कागदावरची यादी

मंगळवार, रात्री

संध्याकाळ सगळी रशियन निसर्गचित्रकार इवान शिश्किनच्या नादात गेली. ‘राय’ हे त्याचं १८७८चं तैलचित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. मी अडकलो मात्र त्याआधीच्या कच्च्या रेखाटनापाशी. १८७७मध्ये तो कामा नदीकाठच्या आपल्या गावी, येलाबुगाला गेला होता. तिथल्या त्या कागदावर त्यानं लिहून ठेवलंय: ऐसपैस माळ, मोकळीक, कसदार जमीन, राय, देवाची कृपा, रशियाची संपत्ती.

राय म्हणजे गव्हाच्या कुळातलं, थंडीला दाद न देणारं धान्य. रशियातला काळा पाव त्याचाच.

पुऱ्या चित्रात पिकाच्या मधोमध उंच पाइन उभे आहेत आणि त्यातला एक वठलेला. त्या झाडात बरेच जण शिश्किनचं दुःख वाचतात. १८७२मध्ये वडील गेले, पुढच्याच वर्षी मेहुणा आणि चित्रकार फ्योदोर वासिल्येव, १८७४मध्ये बायको येवगेनिया. अर्थ चटकन जुळतो. इतका चटकन, की मला शंकाच येते. हा माणूस आयुष्यभर झाडांच्या सालीसुद्धा निरखून काढत आला. मोडलेले, उन्मळलेले बुंधे त्याच्याकडे ढिगानं सापडतात. प्रत्येक वेळी घरात कोणी गेलेलं नव्हतं.

ती यादी तर मला थेट व्यापाऱ्याच्या मुलाची वाटते. खतावणीत माल उतरवावा तशी. देवसुद्धा मालाच्याच रांगेत!

मग चित्र मोठं करून पाहिलं. कच्ची वाट आपल्या पायाशी सुरू होते आणि जरा पुढे जाऊन पिकात गडप होते. तिथेच दोन माणसं, जेमतेम दिसतील अशी. पाकोळ्या वाटेवरून अगदी जमिनीलगत उडतायत, क्षितिजावर ढग चढतायत. पिवळं झालेलं पीक, ओंब्या वाकलेल्या आणि वर पावसाची लक्षणं. शेतात राबणाऱ्याचा जीव आधी इथे टांगणीला लागेल. वठलेल्या झाडाकडे तो नंतर बघेल, बघितलं तर. मला या चित्रात हीच धाकधूक जास्त दिसते.

झाडाचं मी अगदीच नाकारत नाही. चार वर्षांपूर्वी बायको गेलेला माणूस ते रंगवत असताना त्याच्या मनात काहीच आलं नसेल, असं कोण म्हणेल? पण कागदावर त्यानं तिच्याबद्दल अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते जमिनीबद्दल आणि धान्याबद्दल.