हात न थांबवता बोलणारी बाई

माझ्या कथेतली विडी कामगार बाई दोन महिने कागदावर नुसती बसून होती. तिच्या तोंडी जे जे घातले, ते माझेच विचार वाटत होते. आज दुपारी सोलापूरच्या पूर्व भागात, ओळखीच्या एका घरी तासभर बसलो. मावशींच्या मांडीवर तंबाखूचे सूप होते. भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने कापून, वळून, दोरा बांधताना त्या सुनेशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत होत्या, पण हात एकदाही थांबला नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. म्हणजे माझ्या प्रश्नांनी लक्ष विचलित झाले असते, तर नुकसान त्यांचे होते, हे मला जरा उशिराच उमगले.

घरी येताच कथेतले दीड पानांचे स्वगत काढून टाकले. (ते मला फार आवडत होते, हेच खरे तर संशयास्पद होते.) आता मुलाच्या फीचा विषय निघाला, की ती उत्तर न देता पुढचे पान उचलते आणि कात्री जरा जोरात चालवते. वय, रंग, लुगडे यांची वर्णनेही गेली. त्यांची उणीव भासली नाही. नाव मात्र अजून सापडलेले नाही. ‘लक्ष्मी’ फारच सोपे वाटते.